पत्रक क्र. १७ वरून नाहीसा झालेला ओढा

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पूररेषा कक्ष, दुसरा मजला.

विषय: बालवाडीच्या जागेला मी दिलेला 'सुरक्षित' शेरा रद्द करून काम थांबवण्याबाबत.
संदर्भ: माझ्या सहीचे नकाशा-पत्रक क्र. १७.

महोदय,

पुढे लिहिलेल्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. असा प्रसंग साऱ्या खात्यात एकट्या माझ्यावरच आला.

१. उपग्रहाकडून आलेल्या उंचीच्या आकड्यांवरून जमिनीचा प्रत्येक चौकोन जवळच्या ओढ्यापेक्षा किती वर आहे, हे काढण्याचे काम निवृत्तीपूर्वी माझ्याकडे होते. संगणक चौकोनातले पाणी उताराने सोडतो. ते ज्या प्रवाहाला प्रथम मिळेल तिथपासून उंची मोजतो. उंची कमी, तर पुराचा धोका जास्त.

२. बालवाडीच्या जागेमागे एका उडीत ओलांडता येईल एवढा ओढा आहे. पत्रक क्र. १७ केले त्या सकाळी तो संगणकाच्या पडद्यावर होता. मी चहा पिऊन येतो तो गायब! संगणकाने बिचाऱ्याने पाणी थेट खालच्या नदीपर्यंत नेले आणि उंची लिहिली चौदा मीटर. प्रत्यक्षात ती जेमतेम एक मीटर आहे.

३. ओढा स्वभावाने लाजाळू असल्याने मोजणीला घाबरून पळाला, असे माझे नम्र मत आहे. टेबलाखालची फरशी ओली होती. शिपाई दोन तास पुसत होता. माझ्या खणात टाचण्यांच्या डबीवर एक खेकडा बसलेला आढळला.

४. गेल्या मंगळवारी मी जागेवर गेलो. पाऊस नसताना पायाच्या खड्ड्यात घोटाभर पाणी होते. गवंडी म्हणाला, "काका, तुमच्या सहीमुळे जागा मिळाली, पोरांचं भलं झालं." तिथे चाळीस लेकरे बसणार आहेत. तरी काम तातडीने थांबवून बारीक ओढ्यांसह फेरमोजणी व्हावी.

५. हे पत्र मी सांगतो आणि सूनबाई लिहिते. पुन्हा खेकड्याकडे वळून तो कसा चालत नदीकडे गेला हे मी सांगू लागताच तिने पेन खाली ठेवले व ती म्हणाली, "बाबा, पुरे! कसला खेकडा न् काय! किती जमिनीचं पाणी एकत्र आलं की त्याला ओढा म्हणायचं, तो आकडा तुम्हीच दहापट वाढवलात. बारीक रेघांनी नकाशा घाण दिसतो म्हणून. त्या दिवशी घरी येऊन कौतुकानं सांगत होतात!"

हे तिचे वाक्य मी खोडू दिलेले नाही.

आपला अपराधी,
निवृत्त नकाशाकार
(सही माझी, अक्षर सुनेचे)
दि. ९ मे

सोबत: ओढा दाखवणारे हाताने काढलेले जुने पत्रक.