शेजारचं घर कितीला गेलं?

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे हल्ली तो खुर्चीत बसूनच घालते, तरी पूर्ण धरावा). तुझा खोकला आणि वहिनीचा खांदा कसा आहे? दोन्हींपैकी एक तरी बरं असेल असं धरून चालते, कारण मला बरंच सांगायचंय.

गेल्या महिन्यात आमच्याकडे घरांचा एक दलाल यायला लागला. मी त्याला ‘मधाचं बोट’ म्हणते. माझ्या शिलाई मशीनशेजारच्या खुर्चीत, गिऱ्हाइकांच्या अर्धवट कपड्यांवर ऐसपैस बसून तो म्हणाला, “ताई, गल्लीतले भाव पडलेत. शेजारचं घर बेचाळीस लाखांना गेलं. तुमचं मी चाळीसला काढून देतो, पण लवकर बोला.” तुझ्या मेहुण्यांनी सुस्कारा सोडला आणि संध्याकाळपर्यंत नव्या फ्लॅटमध्ये आरसा कुठे लावायचा तेही ठरवून टाकलं. मी विचारलं, बेचाळीस कशावरून? तर म्हणे, आतली माहिती. दादा, मी शिंपीण बाई. आतलं म्हटलं की उसवून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. हे म्हणाले, “त्याला धंद्यातलं कळतं, आपल्याला काय कळतंय?” झालं! त्या ‘आपल्याला’मध्ये मलाही धरलंय हे लक्षात आलं आणि मी पदर खोचला.

शेजारचं घर दातांच्या डॉक्टरचं होतं. ते विकून तो गावाच्या पलीकडच्या टोकाला गेलाय आणि घेणारे अजून राहायला आलेले नाहीत, दाराला कुलूप. म्हणून मी दाढ दुखते असं सांगून डॉक्टरकडे गेले. पण त्या खुर्चीत बसल्यावर सगळे प्रश्न तोच विचारतो आणि आपल्या तोंडात त्याची हत्यारं. मी “कितीला विकलं?” विचारलं ते त्याला “खूप दुखतंय” असं ऐकू आलं. भाव काढायला गेले आणि दाढ काढून आले. (दाढ खरंच किडलेली निघाली, पण हे यांना सांगितलेलं नाही.)

मग सरळ घरांच्या विक्रीची नोंद होते त्या कार्यालयात गेले. कारकुनाने विचारलं, विकणाऱ्या की घेणाऱ्या? म्हटलं, शेजारीण. “मग तुम्हाला काय करायचंय?” असं म्हणून तो चहाकडे वळला. त्याच्यामागे भिंतीवर एक पाटी होती आणि पाटीवर त्याचा रेनकोट टांगलेला. खालून एवढंच दिसत होतं : ‘कोणालाही पाहता येतील.’ काय पाहता येतील? मी आत गेले, रेनकोट उचलून त्याच्या हातात दिला आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं : झालेल्या विक्रीच्या नोंदी शुल्क भरून कोणालाही पाहता येतील. कारकून म्हणाला, “बाई, ही जुनी पाटी आहे.” मी म्हटलं, जुनी असेल, पण खोडलेली नाही. तेवढ्यात रांगेतला प्लंबर म्हणाला, “मग आमच्याही गल्लीचं दाखवा की!” त्याच्यामागच्या दोन बायकाही सरसावल्या. मी बाकावर बसले आणि सांगितलं, नोंद दिसेपर्यंत हलणार नाही. (गुडघ्यामुळे पटकन हलता येतही नाही, पण ते त्याला काय माहीत!) शेवटी त्याने शुल्क घेतलं, गल्लीतल्या विक्रीच्या नोंदी काढल्या आणि शेजारच्या घराची नक्कल हातात दिली.

दादा, घर एकदा नाही, दोनदा विकलं गेलं होतं! डॉक्टरने विकलं बेचाळीसला. घेणारा कोण? आपलं मधाचं बोट! आणि तीनच आठवड्यांत त्याने ते पुढे दिलं सदुसष्टला. मी तशीच डॉक्टरकडे गेले आणि कागद त्याच्यापुढे ठेवला. बिचारा कितीतरी वेळ हातातला आरसा पुसत राहिला. “मला म्हणाला होता, भाव पडलेत,” एवढंच बोलला. त्या क्षणी मला हसू आलं नाही. आता तो वकिलाकडे गेलाय.

घरी आल्यावर मी शिंप्याचा खडू घेतला आणि आमच्या फाटकावर गल्लीत विकल्या गेलेल्या सगळ्या घरांचे खरे भाव लिहिले. दलाल सहीचे कागद घेऊन आला तो फाटकातच थबकला. “ताई, असं चारचौघांत लिहितात का?” म्हटलं, चारचौघांना बघायचा हक्क आहे, म्हणूनच लिहिलंय. तो अब्रूनुकसानीचा दावा लावीन म्हणाला. मी म्हटलं, आधी नुकसान होण्याइतकी घेऊन ये. तुझे मेहुणे पडद्याआडून ऐकत होते. तो गेल्यावर बाहेर आले आणि माझ्यासाठी खुर्ची पुढे केली. पावसाने खडू पुसला तर मी पुन्हा लिहीन, रोज लिहीन.

तुझी, अजून त्याच घरात असलेली,
धाकटी

ता. क. मला घर विकायचं कधीच नव्हतं. सदुसष्टलाही नाही, सत्तरलाही नाही. फक्त कितीला विकत नाहीये, ते माहीत असावं.

ता. क. २. रविवारी दलाल वकील घेऊन येणार आहे. हे घरी असतील, पण पडद्याआड. तू ये. बोलायचं काही नाही, समोरच्या खोलीत मिशा घेऊन नुसता बसून राहा.

ता. क. ३. खोकल्याचं कारण सांगू नकोस. कार्यालयात गेलेच होते म्हणून तुझ्याही घराची नोंद पाहिली. घासाघीस करून पन्नासला घेतलं असं वहिनीला सांगितलंस ना? अठ्ठावन्न आहे. मी कशाला सांगू? नोंद कोणालाही पाहता येते. वहिनीलाही.