गाडीची चावी

मंठा, १२ जुलै २०२४

चि. रामप्रसाद यास दैवशालाताईचे अनेक आशीर्वाद.

बीपीचं नाव काढलं की तू फोन कट करतोस, म्हणून कागद घेतला. मंगळवारी शाळेची गाडी चालवताना तुला भोवळ आली, नऊ लेकरांसकट गाडी रस्त्याखाली उतरली, हे तुझ्या सोनूबाईनं रडत सांगितलं. तू मात्र घरोघरी टायर घसरला म्हणून सांगितलंस! वरचं बीपी एकशे नव्वद, अन् दोन महिन्यांच्या गोळ्या डब्यात तशाच. आपल्या बापूंच्या अंगावरून वारं गेलं, ते विसरलास? चावी बायकोच्या हातात दे. माझ्यावर रागव, पण दे.

तुझ्या काळजीतली,
ताई

आष्टी, २० जुलै

ती. ताईस रामप्रसादचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून सोनूबाईवर चिडलो, दोन दिवस बोललो न्हाई. गाडीही चालवली. गुरुवारी चौथीतल्या अक्षतानं मागून विचारलं की काका, आज डोळे मिटणार न्हाई ना. तिथंच गाडी उभी केली, लेकरं दुसऱ्या गाडीवाल्या संपतकडं पाठवली. चावी आता सोनूबाईकडं आहे.

माया कमी करू नको.
तुझा रामप्रसाद

मंठा, २८ जुलै

चि. रामप्रसाद यास आशीर्वाद.

रडले अन् हसलेही. गोळी चुकवू नको, तंबाखू सोड, मीठ कमी कर. मीही केलंय, तुझे भाऊजी ताटाकडं पाहून रुसून बसलेत. पण लेकरांच्या आईबापांना खरं कधी सांगणार?

ताई

आष्टी, ६ ऑक्टोबर

ती. ताईस नमस्कार.

गोळी रोज बराबर घेतो. तंबाखू सोडली तेव्हा आठ दिवस घरात सगळ्यांवर खेकसलो. लोणचं-पापड बंद. बिनचवीचं वरण गिळवेना, आता जमतं. रोज सकाळी तासभर चालून राह्यलो. गेल्या महिन्यात बीपी एकशे चौतीस भरलं. डॉक्टर म्हणले, गाडी चालवा, पण गोळी सोडू नका.

मंग चावी घ्यायच्या आधी नऊही घरी गेल्तो. खरं सांगितलं. दोन घरांनी लेकरं पाठवणार न्हाई म्हणलं; त्यांचं चूक न्हाई. दुसऱ्या दिवशी अक्षताची आई प्रिया लेकीसोबत गाडीत येऊन बसली, शाळेपर्यंत माझ्याकडंच बघत. असे अकरा दिवस.

काल अक्षता एकटीच आली.

अशीच रागावत राहा.
तुझा रामप्रसाद