ओठ टेकायचा क्रूस

ब्रूज, ९ नोव्हेंबर १५१४

हे चित्र नाही देणार! योरिसला तोंडावर सांगितलं. नवरा असला म्हणून काय झालं? तो म्हणाला, "अगं, ते आपलं नाही. बेआट्रिसबाईंनी प्रार्थनेसाठी सांगून करून घेतलंय."

तळहाताएवढं वासराचं चामडं. त्यावर मेरी, मांडीवर बाळ येशू. आणि येशूला चेहरा माझ्या तान्नेकेचा — गालावरच्या खळीसकट. उन्हाळ्यात तापाने गेली माझी पोर. मुद्दाम नाही काढला, हात आपोआपच तिकडे वळला. तिचं दुसरं चित्र नाही. आईबाप दोघं चित्रकार, आणि लेकीचं एक चित्र नाही! याला काय म्हणावं?

११ नोव्हेंबर

सेंट मार्टिनचा सण. शेजारी हंस भाजतायत. मला वासही नको.

योरिस म्हणाला, "खाली क्रूस काढायला विसरू नकोस." लोक प्रार्थना करताना चित्राचे मुके घेतात, डिंकातला रंग ओलाव्याने सुटतो. म्हणून खाली छोटा क्रूस — ओठ तिथे टेकावेत, चेहरा वाचावा. तान्नेकेसाठी सोन्याचा काढला. चांगला ठसठशीत.

मी स्वतः एकदाही मुका घेतला नाही. जीव तुटत होता, पण रंग गेला असता ना!

१२ नोव्हेंबर

दिलं. "बाई, ओठ क्रूसावरच हं," पुन्हापुन्हा बजावलं. म्हातारी हसली. "अगं पोरी, जन्म गेला प्रार्थनेत. मला शिकवतेस?"

२ फेब्रुवारी १५१६

बेआट्रिसबाई काठी टेकत आल्या. चित्र पुढे केलं. "चेहरा गेला गं. परत काढून दे."

क्रूस जसाच्या तसा, लखलखीत. बाळाच्या तोंडाच्या जागी कोरं चामडं! मी ओरडलेच — "सांगितलं होतं ना!"

त्यांनी मान खाली घातली. "माझंही एक गेलं होतं. दात यायच्या आत. चेहरा समोर असताना क्रूसाचा मुका कसा घेऊ गं?"

दोघी रडलो. योरिसने गुपचूप दुकानाचं दार लावून घेतलं.

५ फेब्रुवारी

दुसऱ्या तुकड्यावर काढून बघते. नाक काढते, पुसते. हे तिचं नाक नाही! खळी कुठल्या गालावर होती? योरिसला विचारलं. "उजव्या," म्हणाला. मग म्हणाला, "डाव्या." मग उठून बाहेर गेला.

६ फेब्रुवारी

आज मीही त्या कोऱ्या जागेचा मुका घेतला. घाबरायचं काय आता? पुसायला काही उरलंच नाही.