उजव्या कोपऱ्यातलं जाळं

प्रिय सौमित्र,

फोन न करता पत्र लिहितोय, हसू नकोस. फोनवर तू दोन वाक्यं बोलतोस आणि मी "बरं" म्हणून गप्प बसतो. अंदरसूलच्या शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हापासूनची ही माझी खोड. आज मला शेवटपर्यंत बोलायचं आहे. संध्याकाळी तुमच्या घरी पार्सिपनीला येऊन हे शोभावहिनींच्या हातात देईन आणि चहाला न थांबता परत फिरेन. त्यांना वाटेल मी रागावलोय. रागावलेलो नाही, घाबरलोय.

मार्चमध्ये तू ती क्विल्ट घेऊन माझ्याकडे आयसेलिनला आलास तो दिवस डोळ्यांपुढून जात नाही. तुझी नोकरी जाऊन पाच महिने झाले होते. पेनसिल्व्हेनियात कुणी म्हातारी वारली, तिच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथे तुला ती दीडशे डॉलरला मिळाली. मी सुनेत्राताईंच्या साडीच्या दुकानात, मागच्या खोलीत, फॉल लावत बसलो होतो. "पुरू, ही गोधडी बघ जरा," म्हणालास. मी ती टेबलावर पसरली आणि कळलं, ही गोधडी नव्हे. आत कापूस नाही, थंडीत उपयोग नाही; दिवाणखान्यात टाकायची, आल्यागेल्याला हाताची कला दाखवायची वस्तू. मखमल, रेशीम, नेकटायचे तुकडे, रिबिनी. एकाचा आकार दुसऱ्यासारखा नाही, म्हणून तर इकडे तिला क्रेझी क्विल्ट म्हणतात. पण वेडेपणा फक्त तुकड्यांत. जोडांवरचे टाके पाहिले तर साखळी, काज, गाठी, पिसासारखा, आणि काही असे की त्यांना आपल्याकडे नाव नाही. सत्तावीस प्रकार मोजले मी. मधोमध १८८६ साल आणि दोन अक्षरं. त्या बाईची दोन-तीन वर्षं तरी यात गेली असतील. माझे हात आपोआप जोडले गेले, तर तू म्हणालास, "अरे, देव नाही तो, माल आहे!" आपण दोघंही हसलो.

पाच तुकड्यांचा भुगा झाला होता. त्या काळी रेशीम जड लागावं म्हणून त्यात धातूचे क्षार भरायचे, ते आतून कापड खातात, हे मला नंतर कळलं. त्यांतल्या एकावर, उजव्या कोपऱ्यात, धाग्याने भरलेलं कोळ्याचं जाळं होतं, त्याचे चार धागे आणि सुईची भोकं तेवढी उरली होती. सहा आठवडे मी दुपारच्या सुट्टीत आणि रविवारी त्यावर बसलो. सुनेत्राताईंनी टाकून दिलेल्या जुन्या साडीचं वांगी रेशीम घेतलं, चहाच्या पाण्यात बुडवून त्याचा रंग जुनाट केला. फाटक्या पैठणीच्या पदरातली चांदीची तार उसवून घेतली. जाळं कसं होतं ते मला ठाऊक नव्हतं. मग मी माझ्या मनातलं काढलं, एका बाजूने वाऱ्याने ओढल्यासारखं.

माझे बाबा पैठणीला रफू करायचे तेव्हा गिऱ्हाईकापुढे साडी पसरून म्हणायचे, दाखवा कुठे फाटली होती. गिऱ्हाईकाला जागा सापडली तर पैसे घ्यायचे नाहीत. तीच शिकवण माझ्या बोटांत आहे. तू भिंग घेऊन अर्धा तास शोधत होतास, तुला एकही जोड सापडला नाही, आणि मी वेड्यासारखा खूश झालो. तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही की बाबांच्या गिऱ्हाईकाला साडी फाटली होती एवढं तरी ठाऊक असायचं.

गेल्या रविवारी तुमच्याकडे जेवताना तुझी आन्या लॅपटॉप घेऊन आली. "पुरूकाका, लिसन! लिलावाचा कॅटलॉग आलाय. त्या लेडीने लिहिलंय की स्पायडर वेब इज द बेस्ट पार्ट. लाइक, अख्ख्या क्विल्टमध्ये!" मग तिने त्या लेडीचं, म्हणजे लिलावघराच्या मार्थाबाईंचं, एकेक वाक्य इंग्रजीत वाचून मला मराठीत सांगितलं. वाऱ्याने हललेलं जाळं, चांदीच्या तारेचा दुर्मीळ वापर, या अनामिक बाईच्या हातचं सर्वांत धीट काम. अपेक्षित किंमत आठ ते दहा हजार डॉलर. शेवटची ओळ होती, 'मूळ स्थितीत, दुरुस्ती नाही.' पोरीला काही ठाऊक नव्हतं. वहिनी म्हणत होत्या, "भावजी, तूप वाढू का?" आणि तू माझ्याकडे न बघता लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवत होतास. ते कधीच उघडलं होतं.

गाडीपर्यंत सोडायला आलास तेव्हा मी विचारलं, दुरुस्ती नाही असं कसं लिहिलंय? तू म्हणालास, "यार, डॉक्टर टाके घालतो, पेशंट गावभर दाखवत फिरतो का?" मी म्हटलं, पण लिलावघराच्या फॉर्मवर दुरुस्तीचं विचारलं असेल ना? तेव्हा तुझा आवाज खाली आला. "विचारलं होतं. मी 'नाही' लिहिलं. पुरू, आठ महिने झाले. घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. शनिवारी ती विकली जाऊ दे, मग तू म्हणशील त्या देवळात येतो." मी "बरं" म्हणालो.

त्या 'बरं'नंतर तीन दिवस गेले. सकाळी देवापुढे बसतो, पण जपाची माळ पुढे सरकत नाही. दुरुस्ती आहे असं कळलं तर तिला तीन हजारही येणार नाहीत, हे मला कळतं. त्या लिलावघराचं दार तुला बंद होईल, हेही कळतं. पण जो कुणी शनिवारी दहा हजार देईल, तो माझं जाळं त्या बाईचं म्हणून घरी नेईल. आणि आणखी एक सांगतो, यात माझं मन स्वच्छ नाही. आन्याने ते वाचलं तेव्हा मला आधी लाज वाटली नाही, आधी आनंद झाला. अठ्ठेचाळीस वर्षांत माझ्या हाताबद्दल असं कुणी लिहिलं नव्हतं, आणि लिहिलं ते दुसऱ्याच्या नावावर. तेव्हा खरं सांगावंसं वाटतं ते खऱ्यासाठी की माझ्यासाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आज दुपारी मी मार्थाबाईंना फोन केला. बाहेर कुणी बाई सुनेत्राताईंशी ब्लाउजच्या शिलाईवरून घासाघीस करत होती, आणि मी आत माझ्या मोडक्या इंग्रजीत पाचही तुकडे सांगत होतो. त्यांनी पाचही लिहून घेतले. मग म्हणाल्या, "जाळंही?" मी हो म्हटलं. "ते फार सुंदर आहे, आणि म्हणूनच हे फार वाईट झालं," म्हणाल्या. शनिवारच्या लिलावातून क्विल्ट काढली आहे. त्यांनी माझ्या नावाचं स्पेलिंग विचारलं, आणि मी एकेक अक्षर सावकाश, नीट सांगितलं.

एवढंच असतं तर मी समोर येऊन तुझ्या शिव्या खाल्ल्या असत्या. पण शेवटी त्यांनी विचारलं, "मालकांना हे ठाऊक होतं का?" आणि सौमित्र, मी म्हणालो, नाही. त्याने फक्त धूळ झटकायला दिली होती, मी माझ्या मनाने केलं, आमच्याकडे न सांगता करायची पद्धतच आहे. बाबांचं नावसुद्धा मी त्यात ओढलं. खरं सांगायला फोन लावला आणि खोटं बोलून ठेवला. उद्या सकाळी दहाला त्या तुला हाच प्रश्न विचारतील. मी काय बोललो ते आधी तुझ्या कानावर असावं, म्हणून हे पत्र. माझं खोटं मोडलंस तर मला राग येणार नाही. सांभाळलंस, तर मात्र मला कधी सांगू नकोस.

तुझाच,
पुरुषोत्तम