सगळं दोन-दोन

१५ डिसेंबर, अल्बनी

ठरलं. आईंना आत्ता सांगायचं नाही. इंग्लंडची ट्रिप करून यायचं, हसून फोटो काढायचे आणि परत आल्यावर सांगायचं की आम्ही वेगळे होतोय. नितीश म्हणतो, "आईची ट्रिप खराब नको व्हायला." माझी झाली तर चालेल!

फेब्रुवारीत तिकिटं काढली तेव्हा आम्ही नवरा-बायको होतो. कागदावर अजूनही आहोत. ऑगस्टमध्ये डिशवॉशर लावता लावता तो म्हणाला, "मुग्धा, माझ्यात आता काही उरलं नाहीये गं." दुसरी कुणी नाही, भांडण नाही, आरडाओरडा नाही. कुणाला सांगायला धड कारणसुद्धा नाही! त्याने ऑकलंडच्या दुसऱ्या टोकाला, हेन्डरसनला फ्लॅट भाड्याने घेतलाय, जानेवारीपासून. तोवर आई झोपल्या की कॉम्प्युटरच्या खोलीत गादी टाकतो आणि सकाळी त्या उठायच्या आत गुंडाळून ठेवतो.

तो जातोय याने जीव तुटतोच आहे. पण त्याच्याबरोबर आईही जाणार, ते मला सहन होत नाहीये. माझी आई मी दहावीत असताना गेली. सासूबाईंना 'आई' म्हणायला लागले ते रीत म्हणून, आणि मग त्या खरंच झाल्या. घटस्फोटात गाडी कुणाची, फ्रिज कुणाचा, सगळं ठरतं. सासू कुणाची हे कोण ठरवणार?

१६ डिसेंबर, ऑकलंड विमानतळ

भर उन्हाळा. पार्किंगमध्ये पोहुतुकावाची झाडं लालभडक फुललीयत, लोक रबरी जँडल्स घालून फिरतायत आणि आमच्या मातोश्री गुडघ्यापर्यंत लोकरीचा ओव्हरकोट घालून ट्रॉली ढकलतायत! कोट सासऱ्यांचा. लग्नानंतर चार महिन्यांत इचलकरंजीच्या गिरणीने त्यांना मागाच्या ट्रेनिंगला इंग्लंडात ब्रॅडफर्डला धाडलं होतं. एक अख्खा हिवाळा. तिथे घेतलेला हा कोट पुढे चाळीस वर्षं डांबरगोळ्यांत पडून होता. ते गेले, कोट राहिला.

"कोटाला माहेरी घेऊन चाललेय," आई म्हणाल्या. शेजारचं सगळं कुटुंब बघत होतं. नितीश हसला, मीही हसले. जमलं की नाटक!

१८ डिसेंबर, मँचेस्टर

चार वाजता मिट्ट काळोख. ख्रिसमस मार्केटमध्ये माणसावर माणूस, दिव्यांच्या माळा, सॉसेजचा धूर. आईंना दालचिनीचा वास आवडला. एक कप घेतला, लाल, वर रॉबिन पक्षी. मग परत वळल्या आणि तसाच दुसरा घेतला. "दोन कशाला?" "असू दे गं." स्वानंदीताईंना असेल. म्हणजे माझी नणंद, पुण्याची.

हॉटेलात एक डबल रूम, एक सिंगल. फेब्रुवारीतलं बुकिंग! आमच्यामध्ये उशी. तो जागा होता, मी जागी होते आणि दोघंही झोपल्यासारखा श्वास घेत होतो. अकरा वर्षांचा संसार आणि ही वेळ.

१९ डिसेंबर, मँचेस्टर

आज आई म्हणाल्या, "परक्या ठिकाणी मला एकटीला झोप येत नाही. मुग्धा, तू माझ्याकडे झोप."

सुटले! अल्बनीत वादळात वीज गेली तरी ही बाई एकटी खुशाल घोरते. इथे कसली भीती वाटली कोण जाणे. पण मी विचारलं नाही. उशी उचलली आणि पळाले.

२० डिसेंबर, ब्रॅडफर्ड

गिरणी सापडली. आता तिथे फ्लॅट्स आहेत, खाली जिम. चिमणी तेवढी शिल्लक. आई कोट घालून समोर उभ्या राहिल्या. मला वाटलं रडतील.

"एवढीच होय? ते म्हणायचे, गावाएवढी आहे!"

बस स्टॉपवर बसल्यावर म्हणाल्या, "पत्रांत नुसतं थंडीचं लिहायचे. थंडी, थंडी, थंडी. मला कळायचं, हा माणूस तिकडे खोलीत एकटा रडतोय. लिहिलं नाही म्हणून काय झालं?"

त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. पण त्या लगेच म्हणाल्या, "चहा मिळेल का गं इथे, आल्याचा?" ब्रॅडफर्डमध्ये न मिळायला काय झालं! समोसेसुद्धा मिळाले.

२१ डिसेंबर, लीड्स

रविवार. आईंच्या गोळ्यांचा डबा भरायचा दिवस. मी फार्मसिस्ट, त्यामुळे हे खातं माझ्याकडे. बीपीची, साखरेची, थायरॉइडची. सात कप्पे. पलंगावर पसरून बसले होते, तर आई शेजारी येऊन बसल्या.

"मला शिकव ना, कसा भरायचा."

"तुम्हाला कशाला? मी आहे ना."

तोंडातून निघून गेलं. मी आहे ना! कुठे आहे? जानेवारीनंतर कुठे आहे मी? बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडले. बाहेर आले तर आई गोळ्या तशाच मांडून बसलेल्या. हात लावला नव्हता. "भर तूच," म्हणाल्या. डोळे लाल दिसले असणार. मी म्हटलं, हीटरची कोरडी हवा.

नितीशला जिन्यात गाठून सांगितलं, मला हे जमत नाहीये. तो म्हणाला, "सॉरी." तो फार चांगला आहे. ओरडला असता तर बरं झालं असतं.

२३ डिसेंबर, यॉर्क

चार दिवसांसाठी छोटा फ्लॅट. किचन आहे, आई खूष. पण बॅगेवरून माझी चिडचिड! दोन कप झाले, दोन टी टॉवेल झाले, ख्रिसमसच्या झाडाला टांगायच्या दोन घंटा झाल्या. आज एका म्हाताऱ्या कारागिराच्या दुकानातून लाकडी डाव आणले. दोन! मी म्हटलं, स्वानंदीताईंचं सगळं परस्पर पुण्याला पोस्टाने पाठवू या.

"तिला कशाला? तिला काय कमी आहे?"

मग दुसरं कुणाला? आणि लाकूड म्हणजे ऑकलंड विमानतळावर तपासणीला पुन्हा बॅग उघडा. पहिल्यांदा न्यूझीलंडला आल्या तेव्हा पर्समध्ये कढीपत्त्याची डहाळी निघाली होती, त्या ऑफिसरने चांगलं सुनावलं होतं. तेव्हापासून आई सगळं डिक्लेअर करतात. एकदा तर अंगारासुद्धा काढून दाखवला!

२५ डिसेंबर, यॉर्क

शहर बंद. ट्रेन नाही, बस नाही, दुकान नाही. हे आम्हाला ठाऊकच नव्हतं! आमचा ख्रिसमस म्हणजे लाँग बेच्या किनाऱ्यावर चटई, बार्बेक्यू, पोहायचे टॉग्ज घालून समुद्रात पळणारी मराठी मंडळाची पोरं. इथे रस्त्यावर चिटपाखरू नाही. बर्फही नाही, नुसत्या गारा. आईंनी मुगाची खिचडी केली, नव्या डावाने ढवळली. एकानेच. दुसरा कागदात गुंडाळलेला तसाच ठेवला.

जेवण झाल्यावर आई म्हणाल्या, "मी पडते जरा. तुम्ही दोघं फिरून या."

नदीकाठी गेलो. गारा सुरू झाल्या, तो एका दारात उभा राहून टोपी झटकत हसला. आमच्या पहिल्या फ्लॅटचं छत गळायचं, ते आठवलं म्हणाला. सगळी पातेली मांडायचो आम्ही खाली. मीही हसले, आणि हे नाटक नव्हतं. मला वाटलं, आता. आता विचारावं.

"नितीश, परत एकदा प्रयत्न केला तर?"

तो हसायचा थांबला. माझा हात हातात घेतला. ग्लोव्ह काढून घेतला, इतका चांगला! आणि म्हणाला, "नको ना मुग्धा. मला खोटं बोलायला लावू नकोस."

मग गारा थांबेपर्यंत तिथेच उभे राहिलो. कुठे जाणार? सगळंच बंद होतं.

२६ डिसेंबर, यॉर्क

संपलं. आता मलाही कळलं.

२७ डिसेंबर, न्यूकॅसल

पुलावर असा वारा की आईंना दोन्ही बाजूंनी धरावं लागलं. एक हात त्याचा, एक माझा. एका बाईने आपणहून आमचा फोटो काढून दिला. "लव्हली फॅमिली!" म्हणाली. फोटो छान आलाय. सासऱ्यांचा कोट फुगलाय आणि मध्ये आई खदखदून हसतायत.

रात्रीचं जेवण आटपल्यावर नितीश हळूच म्हणाला, "घरी पोचलो की रविवारी सांगू या तिला. तू बोलशील? तुला नीट जमतं."

म्हणजे तेही मीच! लग्न मोडायचं त्याने आणि बातमी द्यायची मी. संताप आला, पण हो म्हटलं. त्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्या तोंडून बरं. मनातल्या मनात वाक्यं जुळवतेय. "आई, तुम्हाला एक सांगायचंय." याच्या पुढे जातच नाही.

लाइट घालवल्यावर आईंनी अंधारात माझ्या केसांतून हात फिरवला. मी झोपलेय असं त्यांना वाटलं असणार. हलले नाही. हा हात परत कधी, कोण जाणे.

३१ डिसेंबर, अल्बनी

सकाळी उतरलो. आईंनी अर्थातच सगळं डिक्लेअर केलं. ऑफिसर हसरी होती, "किया ओरा" असा माओरी नमस्कार केला आणि बॅग उघडली. लाकडी डाव दोन. कप दोन, टॉवेल दोन, घंटा दोन. आणि तळाशी गोळ्यांचे नवे डबे, निळे, सात-सात कप्प्यांचे. तेही दोन! हे कधी घेतले मला माहीतच नाही.

"एव्हरीथिंग टू! हॅव यू गॉट ट्विन्स?" तिने विचारलं.

"नो, नो," आई म्हणाल्या. "टू हाऊसेस." नितीशकडे बोट दाखवलं. "सन हाऊस." मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "डॉटर हाऊस."

ऑफिसर म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे आपलं 'मस्तच', आणि डाव परत दिले. नितीशचा चेहरा पांढराफटक. आई मराठीत म्हणाल्या, "ऑगस्टपासून रोज सकाळी गादी ओढल्याचा आवाज येतो रे."

मी तिथेच, ट्रॉलीला धरून, सगळ्यांसमोर रडले. आईंनी एक निळा डबा माझ्या हातात दिला आणि मग दुसराही दिला.

"मला शिकवलं नाहीस ना? आता दोन्ही तूच भर."