कोपरानं उघडणारा नळ

आई, “नळ सोड रे, हात भरलेत माझे!” ही तुझी हाक अजून कानात आहे. तू परातीत कणीक मळतेस, मी उंबऱ्यात बसून शाळेतली कविता मोठ्यानं म्हणतोय, आणि ओळ अर्धी टाकून मी मोरीकडे धावतो. किती कविता त्या नळापाशी तुटल्या! नळाची मूठ गुळगुळीत, गोल. कणकेच्या हातानं ती फिरायचीच नाही.

पुढे अंबडच्या कारखान्यात नळांचीच ड्रॉइंगं काढायला लागलो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवा नमुना मोठ्या ऐटीत तुला दाखवायला आणला. चकचकीत, गोल. तू तेलकणकेच्या हातानं दोनदा फिरवून बघितलास आणि म्हणालीस, “दिसायला लय भारी हाय. पण ज्यानं केला त्यानं कधी कणीक मळलेली नाय.”

तो मीच केला होता, आई. त्या रात्री जेवण गेलं नाही. आठवड्यानं मी लांब दांड्याचा नळ काढला, एक नमुनाही करून घेतला. साहेब हसले, “अहो, हा नळ आहे की स्कूटरचा ब्रेक? गोलच जाऊ द्या.” दुसऱ्या दिवशी साचा करायला जाणार होतं गोल नळाचं ड्रॉइंग. म्हणून मी तुझ्याकडून डब्यात नुसती कणीक बांधून घेतली, सैल, तेलाचा हात लावलेली. सगळ्यांसमोर साहेबांना म्हणालो, “जरा मळा.” “काय हो, पोळ्या लाटायच्यात?” म्हणत त्यांनी मळली, अंगठीसकट. मग गोल नळाशी झटापट केली आणि वैतागून ओरडले, “अरे, कुणीतरी नळ सोडा रे!” सगळे हसले. माझा दांडा त्यांनी कोपरानं ढकलला, पाणी आलं, नळ पास झाला.

“सुचलं कसं?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “निरीक्षण, साहेब.” भिंतीवरचं घड्याळ बक्षीस मिळालं. आणि तू गल्लीभर सांगत सुटलीस, “माझ्या पोराचा नळ!”

तेव्हापासून सवयच जडली. बँकेचं दार ढकलायचं की ओढायचं ते कळत नाही, एसटीची पायरी तुझ्या गुडघ्यांना उंच, हे दिसतच राहतं. आणि भाजीच्या पाटीखालची तुझी चुंबळ! जुन्या लुगड्याचं वेटोळं, पण डोक्याला आणि पाटीलाही बरोबर बसणारं. त्याहून चांगली वस्तू मी आजवर काढली नाही. तू नाहीस, आता हे पत्र टाकणार कुठे? कवितांच्या वहीत राहील.

इतकं लिहिलं आणि बेल वाजली. दारात साहेब! वीस वर्षांत गाठ नाही. हातात काठी, बोटं आखडलेली. म्हणाले, “मूठ वळत नाही हो आता. घरातला तुमचा नळ कोपरानं उघडतो. म्हटलं, ज्यानं केला त्याला जाऊन सांगावं.”

ते आत बसलेत. चहा उकळेपर्यंत एवढंच लिहितो: आभार मानायला ते चुकीच्या माणसाकडे आलेत, आणि आज मी त्यांना तसं सांगणार आहे.