तुझ्या दाजींची पॅन्ट आणि तोंडातला दोरा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर,
मे महिना सरता सरता, १९८३

चि. बसलिंगप्पा यास अक्काचे पोटभर आशीर्वाद. अप्पांना आणि अव्वाला माझं शरणू शरणार्थी सांग, अव्वाला जरा मोठ्यानं सांग. अव्वाचा गुडघा कसा आहे? नीलम्माचा खोकला गेला का? आमची रुद्राणी सुट्टीभर तुमच्याकडं आहे, तिला उन्हात हुंदडू देऊ नको, आणि दुकानात तर मुळीच बसवू नको, नाहीतर तागे उलगडून गिऱ्हाइकापेक्षा जास्त घोळ घालील. उदगीरला पाणी कसं आहे? इकडचं विचारू नको. इथं आता पाहुणा आला तर लोक आधी त्याच्या हातातली कळशी बघतात, मग तोंड.

तू मागच्या पत्रात एकच गोष्ट तीनदा विचारलीस, की दाजींचं लातूरला कायम झालं का न्हाई. झालं काय ते सांगते, पण सरळ सांगता येत न्हाई, मध्ये पॅन्ट लागते. तुला ठाऊक आहे, नवरा नोकरीला उस्मानाबादला आणि मी इथं, आधी सासूबाईंसाठी, त्या गेल्यावर रुद्राणीच्या शाळेसाठी, अशी किती वर्षं काढली. गल्लीतल्या बायका तुझ्या दाजींना ‘शनिवारचे’ म्हणायच्या. (मी नाव घेत न्हाई, त्यांनी मग वाराचं नाव ठेवलं.) शनिवारी रात्रीच्या गाडीनं यायचं, सोमवारी पहाटे जायचं. मागच्या वर्षी लातूर जिल्हा झाला आणि नव्या हापिसात माणसं हवी म्हणून दाजींना तात्पुरतं इकडं धाडलं. हा ‘तात्पुरता’ शब्द माझ्या उरावर बसला होता बघ. ऑर्डर आली की कुणी इथं राहणार, कुणी परत उस्मानाबादला जाणार. मी सिद्धेश्वराला रोज सांगत होते, देवा, मला सोन्याचं काही नको, मंगळवारी बुधवारी पण नवरा घरात दिसू दे.

आता नवरा रोज घरात दिसू लागल्यावर मला पहिल्यांदा त्याचे कपडे नीट दिसले. बसू, तू कापडाच्या दुकानात जन्म काढलास, पण तुझ्या दाजींएवढी कापडाची अक्कल तुझ्यात न्हाई, रागावू नको. शनिवारच्या शनिवार मला वाटायचं, माणूस किती नीटनेटका! ती सगळी करामत होती. पायजम्याला नाडी नव्हती, फायलीचा टॅग होता, पांढरा, दोन्ही टोकाला पत्र्याची टोपणं असलेला. (टोपणामुळं म्हणे नाडी ओवायला सोपी जाते, सुई-काडी काही लागत न्हाई. मी करून बघितलं. खरंच सोपी जाते!) पॅन्टची खालची दुमड डिंकानं चिकटवलेली. सरकारचा डिंक घरी आणत न्हाईत हो ते, तसले न्हाईत, पॅन्टच हापिसात नेतात. सदऱ्याची गुंडी तुटली तर टाचणी, आणि टाचणीचं टोक आत वळवून त्यावर गव्हाच्या पिठाची गोळी, टोचू नये म्हणून. संध्याकाळपर्यंत घामानं त्या गोळीची कणीक होते आणि मुंग्या लागतात, एवढं एक सोडलं तर अगदी पक्कं काम.

एकदा मात्र मी किंचाळले. निळ्या पॅन्टला मांडीवर भोक पडलं होतं, मला माहीतच न्हाई. हे आंघोळीला बसले तर मांडीवर रुपयाएवढा काळानिळा डाग! मला वाटलं काहीतरी चावलं, मी शेजारच्या पार्वतीबाईंना हाक मारली, त्या चुना घेऊन पळत आल्या, हे परातीत तसेच बसलेले, लाजेनं लाल. आणि तो डाग म्हणजे शाई. भोकातून गोरी कातडी दिसते म्हणून माणसानं कातडीच रंगवली होती! अरे देवा, मी आधी रडले, मग हसले, मग विचार केला की रफू करायला शिंप्याचे खेटे घालण्यापेक्षा हे किती झटपट. असा नवरा कुणाला मिळतो सांग?

त्यात हा दुष्काळ. कपडे धुवायला पाणी न्हाई म्हणून सगळ्या लातुरानं नवीन रीती काढल्यात. आम्ही सदरा आख्खा धुतच न्हाई, फक्त कॉलर, कफ आणि समोरची पट्टी धुतो, तांब्याभर पाण्यात. पाठ कुणी बघत न्हाई, असं दाजींचं म्हणणं. कॉलर विरली की उसवायची आणि उलटी करून शिवायची, आतली बाजू कोरी करकरीत निघते. ते काम मी करते, यांनी केलं तर डिंकानं करतील. पॅन्टची इस्त्री गादीखाली. हे रात्रभर उताणे, हात सरळ, कूस बदलत न्हाईत, घडी मोडते म्हणून. सुरुवातीला मी दोनदा घाबरून नाकापाशी बोट धरून बघितलं.

तर एक मेचं सांगते. नव्या जिल्ह्यातला हा पहिलाच महाराष्ट्र दिन, मोठं झेंडावंदन, साहेब स्वतः येणार, आणि सगळ्यांत बोलवा असा की त्या दिवशी साहेब माणसं हेरणार, कुणाला ठेवायचं नि कुणाला परत पाठवायचं. यांनी लग्नातली पांढरी पॅन्ट काढली. मी म्हटलं, अहो, ती तुम्हाला न्हाई होत आता. तर म्हणे, “पोट आत घेतलं की होते.” झाली पण! मी पण गेले, पार्वतीबाईंच्या बाजूला बायकांत उभी. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, तोवर पोट आतच होतं. मग कुणाची तरी चप्पल साहेबांच्या वाटेत पडली होती ती उचलायला तुझे दाजी वाकले, आणि जो आवाज झाला तो बायकांच्या रांगेपर्यंत आला. पार्वतीबाई म्हणाल्या, “कुणाचं तरी फाटलं बया.” मला आवाज ओळखीचा वाटला.

हे दोन्ही हात मागं बांधून, पाठ भिंतीला लावत लावत, खेकड्यासारखे सरकत एका जीपच्या आडोशाला गेले. मी पण मागनं गेले. माझ्या बांगड्यांत तुला माहीत आहे, कायम पिनांचा झुपका असतो, पण फाटलं होतं ते पिनांच्या आवाक्यातलं न्हवतं, कमरेपासून खालपर्यंत शिवण उघडली होती. पदराच्या गाठीला सुई-दोरा असतो म्हणून बरं. आता कपडे उतरवायची सोय न्हाई, अंगावरच शिवायचं. आणि अव्वानं आपल्याला काय शिकवलंय? अंगावर कपडा शिवू नये, शिवायचाच झाला तर ज्याच्या अंगावर शिवायचा त्यानं दोऱ्याचा तुकडा दातात धरायचा आणि शेवटचा टाका तोडेपर्यंत तोंडातनं शब्द काढायचा न्हाई. बोलला की त्याची बुद्धी शिवली जाते. आधीच परत जायची टांगती तलवार, त्यात बुद्धी पण शिवली गेली तर? मी दोऱ्याचा तुकडा यांच्या तोंडात दिला आणि मागं बसून भराभर टाके घालू लागले.

आणि बसू, ती जीप साहेबांची निघाली! साहेब आले, सोबत दोघंतिघं. मी यांच्या पाठीमागं बसलेली, पदर पुढं घेतला आणि टाके घालतच राहिले, मध्येच सोडलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं. साहेब म्हणाले, “शरणप्पा, बरं झालं इथंच सापडलात. टँकरचं टेबल कुणी घ्यायला तयार नाही. जो घेईल त्याला मी इथं कायम करून घेतो. काही अडचण असेल तर आत्ताच बोला.” टँकरचं टेबल म्हणजे काय ते तुला उदगीरला बसून कळायचं न्हाई. आधीचा माणूस आजारपणाची रजा टाकून जो गेला तो गेलाच. सगळ्या शहरातल्या घागरी त्या टेबलावर येऊन आदळतात, आणि घागरींमागं बायका. मला वाटलं, आता हे बोलतील, दुसरं कुठलंही टेबल द्या म्हणतील. हे गप्प! माझ्या दातात दोऱ्याचं टोक, मला बोलता येईना, म्हणून मी सुई टोचली. हे हलले न्हाईत. पुन्हा जोरात टोचली. तरी पण न्हाई. साहेब वाट बघून राहिले, मग यांच्या खांद्यावर हात ठेवून सोबतच्या माणसांना म्हणाले, “एवढ्यांना विचारलं, प्रत्येकानं कारणं सांगितली. हा पहिला माणूस, ज्यानं तोंडातून ब्र काढला नाही.” आणि गेले. चार दिवसांत ऑर्डर आली, लातूरला कायम.

(घाईत मी सदरा, आतली चड्डी आणि पॅन्ट सगळं एकाच टाक्यात शिवलं होतं. घरी गेल्यावर कात्रीनं सोडवावं लागलं. ते जाऊ दे.)

तर आता तुझे दाजी टँकरचे साहेब. या एका महिन्यात यांच्या तीन सदऱ्यांच्या बाह्या गेल्या, दोन खिसे गेले आणि एक कॉलर आख्खी कुणीतरी घेऊन गेलं. बायका धरतात आणि ओढतात, “आमच्या गल्लीला कधी सोडता, आधी सांगा!” हे कुणाला उलट बोलत न्हाईत. सगळ्या शहराच्या गल्ल्या वहीत मांडून प्रत्येकीला टँकरची वेळ लावून दिली, आता बहुतेक ठिकाणी वेळेवर जातो, तरी ज्यांच्याकडं अर्धा तास उशीर होतो त्या येतातच. रात्री घरी येतात तेव्हा अंगावर सदरा कमी आणि टाचण्या जास्त असतात. मी शिवते. एवढ्या बाह्या मी जन्मात बसवल्या न्हवत्या. पण एक सांगते, फाटक्या बाहीनं सुद्धा माणूस दुसऱ्या दिवशी बरोबर साडेपाचला निघतो, भांग पाडून, कॉलर उलटी लावून, आणि गल्लीच्या तोंडाशी गेला की मागं वळून बघतो. मला लई अभिमान वाटतो रे. आमच्यात हे असं तोंडावर सांगत न्हाईत म्हणून तुला लिहिते.

बाकी सगळं ठीक. नीलम्माला सांग, कुंकवाचा करंडा पोचला. आता पुरे करते, दिव्यातलं तेल आणि पाठीतली रग दोन्ही संपत आलीत.

तुझीच,
शिवकांता अक्का

ता.क. एक पॅन्टपीस आणि दोन सदऱ्यांचं कापड पाठव. जाडं बघ, ओढल्यावर टिकणारं. रंग नको बघू.

ता.क. दुसरा. खरं काम हे आहे. आडतवाले शिवप्पा तुझ्या दुकानातले जुने गिऱ्हाईक, त्यांची साहेबांकडं ऊठबस आहे म्हणतात. त्यांना गाठ आणि एवढं करायला सांग, यांचं टेबल बदलून द्या, लातूर तेवढं राहू द्या. यांच्या तोंडात तेव्हा दोरा होता, म्हणून बोलले न्हाईत, हे शिवप्पांना नीट समजावून सांग. बिचाऱ्यांनी माझ्यामुळं गप्प बसून हे ओढवून घेतलं, मला झोप लागत न्हाई. दाजींना यातलं काही कळू देऊ नको.

* * *

बसलिंगप्पा यांस शरणप्पाचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं. डिंक माझ्याकडंच असतो, हे तुमच्या अक्का विसरल्या. शिवप्पांकडं जाऊ नका. दोरा साहेब यायच्या आधीच माझ्या तोंडातनं गळून पडला होता. सुया मात्र खऱ्याच टोचल्या. मी बोलू शकत होतो, बोललो नाही, कारण बोलायला लागलो असतो तर मागनं तुमच्या अक्कांनी मला टेबल घेऊ दिलं नसतं. मी शनिवारी यायचो तेव्हा घरातला रांजण काठोकाठ भरलेला असायचा. इतकी वर्षं मला वाटायचं, लातूरला पाणी आहे. इथं राहायला आलो तेव्हा कळलं, अक्का पहाटे तीनला उठून पार स्टेशनापलीकडच्या विहिरीवर जायच्या. आता आमच्या गल्लीचा टँकर सहाला येतो आणि घागरी मी रांगेत लावून जातो. झोप लागत नाही असं त्यांनी लिहिलंय, ते रात्रीचं असेल. आत्ता पाच वाजलेत, मी चहा ठेवलाय, त्या गाढ झोपल्या आहेत. कापड तेवढं पाठवा.